आयरिश माध्यमाच्या नव्या शाळेसाठी जागा: शोधापासून ताब्यापर्यंत

आयर्लंडमध्ये गेलटाख्ट म्हणजे आयरिशभाषक पट्ट्याच्या बाहेर असूनही संपूर्णपणे आयरिश भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळेला गेलस्कोल म्हणतात, तर माध्यमिक शाळेला गेलखोलाश्ते. डब्लिनमध्ये लुईझ गॅव्हन डफी यांनी १९१७ साली सुरू केलेली स्कोल व्रीद ही या परंपरेतली आरंभीची शाळा मानली जाते. आज अशा शाळा देशभर आहेत, त्यांना पालकांची मागणी आहे आणि शासकीय मान्यताही आहे. तरीही त्यांतल्या अनेक शाळांचा जन्म एखाद्या क्लबच्या खोल्यांत किंवा भाड्याच्या सभागृहात होतो आणि पुढची कित्येक वर्षे प्रीफॅब, म्हणजे तयार भाग जोडून उभारलेल्या तात्पुरत्या वर्गांत जातात. इमारतीचा आराखडा काढणे किंवा निधी मंजूर होणे यापेक्षा योग्य जागा हाती येण्यातच सर्वाधिक काळ जातो. त्यामुळे शाळेच्या समितीने आपली शक्ती कुठे आणि कोणत्या क्रमाने लावावी, एवढ्यापुरता हा लेख आहे. विवेचन आयर्लंड प्रजासत्ताकाच्या व्यवस्थेचे आहे. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी असून तिचा उल्लेख पुढे थोडक्यात येईल. आयर्लंडमध्ये स्थायिक झालेले मराठी पालक अशा समितीवर असतील, तर त्यांना महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही, कारण इथे संस्था जमीन घेऊन शाळा बांधत नाही.

जमीन कोण घेते

पहिली पायरी म्हणजे अधिकार कोणाचा, हे सर्व सभासदांना नीट समजावून सांगणे. पूर्वी नव्या शाळेसाठी जागा उभी करण्याचा भार स्थानिक मंडळींवर पडत असे. चर्चच्या शाळांना धर्मसंस्थांच्या जमिनी उपलब्ध होत्या. पालकांनी काढलेल्या आयरिश शाळांना तसा आधार नव्हता, त्यामुळे ही अट त्यांनाच जास्त जाचत असे. १९९९ साली तत्कालीन शिक्षणमंत्री मिहॉल मार्टिन यांनी नव्या प्राथमिक शाळांच्या जागेचा खर्च शासन करील असे धोरण जाहीर केले आणि चित्र बदलले. आता साधारणपणे शिक्षण विभाग जागा खरेदी करतो, मालकी मंत्र्यांच्या नावे राहते आणि शाळेच्या पेट्रन संस्थेला ती भाडेपट्ट्याने दिली जाते.

पेट्रन म्हणजे शाळेचे ध्येयधोरण ठरवणारी आणि तिच्या वतीने विभागाशी बोलणारी अधिकृत संस्था. आयरिश माध्यमाच्या शाळांसाठी १९९३ साली स्थापन झालेली ‘अन फोरस पाट्रूनाख्टा’ ही यांतली सर्वांत मोठी संस्था आहे; देशातल्या १६ शिक्षण व प्रशिक्षण मंडळांपैकी काही मंडळेही अशा शाळांची पेट्रन आहेत. ‘गेलिद्याखस’ ही १९७३ पासून काम करणारी संस्था पेट्रन नाही. ती पालकांना आणि शाळांना मार्गदर्शन करते, आणि नव्या समितीने सर्वांत आधी तिच्याशीच बोलावे.

चौथा घटक म्हणजे स्थानिक प्राधिकरण. देशात अशी ३१ प्राधिकरणे आहेत. २०१२ साली शिक्षण विभाग आणि स्थानिक प्राधिकरणांच्या मुख्याधिकाऱ्यांची संघटना यांच्यात शाळांच्या जागांबाबत सामंजस्य करार झाला आणि तेव्हापासून जागा हुडकणे, तिची तपासणी करणे आणि पुष्कळदा ती संपादन करणे या कामांत प्राधिकरण विभागाला साहाय्य करते. या सगळ्यात पालक समितीच्या सहीला कायदेशीर किंमत नाही. तिने जमीनमालकाला परस्पर शब्द देऊ नये, भावाची बोलणी करू नयेत आणि वर्गणी काढून बयाणा तर मुळीच देऊ नये. समितीचे बळ माहितीत, चिकाटीत आणि लोकप्रतिनिधींपर्यंतच्या पोहोचीत आहे.

गरज कागदावर मांडणे

नवी शाळा हवी की नको, हे विभाग लोकसंख्येच्या अंदाजावरून ठरवतो. त्यासाठी देशाची ३१४ शाळा-नियोजन क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. एखाद्या क्षेत्रात मुलांची संख्या वाढणार असे दिसले की नवी शाळा जाहीर होते आणि नंतर ती कोणत्या पेट्रनकडे व कोणत्या भाषेत चालवायची, यासाठी पालकांचा कल ऑनलाइन नोंदवून घेतला जातो. २०१८ साली विभागाने पुढच्या चार वर्षांसाठी ४२ नव्या शाळा जाहीर केल्या, त्या याच पद्धतीने.

आयरिश माध्यमाच्या दृष्टीने या पद्धतीत एक मोठी गोम आहे. सामान्य शाळा आसपासच्या वस्तीतून मुले घेते, म्हणून एका नियोजन क्षेत्राचा हिशेब तिला लागू पडतो. गेलस्कोलला मात्र मुले दूरवरून आणि अनेक क्षेत्रांतून येतात. प्रत्येक क्षेत्रात मागणी थोडी दिसते. सगळी एकत्र केली तर शाळा भरते. म्हणून समितीने आपली आकडेवारी स्वतःच गोळा करावी. परिसरातल्या नीनरांमध्ये, म्हणजे आयरिश भाषेतल्या बालवाड्यांत, किती मुले आहेत. जवळच्या गेलस्कोलमध्ये दरवर्षी किती अर्ज येतात आणि किती नाकारले जातात. विद्यमान शाळेतली मुले कोणत्या भागांतून येतात, हे सर्व नकाशावर मांडावे. गेलखोलाश्तेसाठी हाच हिशेब प्राथमिक गेलस्कोलच्या सहाव्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांवरून करता येतो आणि तो जास्त भक्कम ठरतो, कारण ती मुले आज वर्गात बसलेली आहेत. नकाशावरून मुलांची ओळख पटता कामा नये. घरांचे पत्ते न दाखवता भागवार संख्या दाखवणे पुरेसे आहे.

शाळा आधीपासून चालू असून तात्पुरत्या जागेत असेल, तर मार्ग वेगळा. तिथे व्यवस्थापन मंडळाने पेट्रनच्या संमतीने मोठ्या भांडवली कामासाठी विभागाकडे अर्ज करायचा असतो. अर्जासोबत सध्याच्या जागेच्या अडचणी नेमकेपणाने लिहाव्यात: वर्गांचे आकारमान, खेळायला किती जागा आहे, भाडेकरार कधी संपतो, प्रीफॅबची तात्पुरती परवानगी कोणत्या तारखेपर्यंत आहे. ‘मुलांचे हाल होत आहेत’ या वाक्याने अधिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही. परवानगी अमुक महिन्यात संपते आणि त्यानंतर वर्ग भरवणे बेकायदा ठरेल, हे वाक्य मात्र फाइल पुढे सरकवते.

विकास आराखड्यात आरक्षण

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच आहे. प्रत्येक स्थानिक प्राधिकरण आपल्या हद्दीचा विकास आराखडा करते आणि त्यात कोणती जमीन कशासाठी वापरायची, हे ठरते. हा आराखडा दर ६ वर्षांनी होत असे. २०२४ च्या नव्या नियोजन कायद्याने ही मुदत १० वर्षांवर नेली आहे. याचा सरळ अर्थ असा की एकदा संधी हुकली तर गाठ दशकाशी आहे. शहराच्या कडेची जी जमीन आज शेतीची आहे, ती उद्या निवासी झाली की तिचा भाव विभागाच्या आवाक्याबाहेर जातो आणि मालकाला शाळेत रस उरत नाही. तीच जमीन आराखड्यात शैक्षणिक वापरासाठी दाखवली गेली असेल, तर बोलणी पूर्णपणे वेगळ्या पातळीवर सुरू होतात.

म्हणून आराखड्याचे काम सुरू होत असल्याची जाहिरात आल्याबरोबर समितीने लेखी निवेदन द्यावे आणि मसुदा आल्यावर पुन्हा द्यावे. निवेदनात दोन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात. एक म्हणजे अमुक परिसरात शाळेसाठी जागा राखून ठेवावी. दुसरी म्हणजे आराखड्याच्या मजकुरात आयरिश माध्यमाच्या शाळेची गरज शब्दशः नोंदवावी. नुसत्या नकाशावरच्या चिन्हाने शाळा कोणत्या भाषेची, हे ठरत नाही. ते नंतर पेट्रन निवडीत ठरते. तरीही मजकुरातली नोंद पुढे परवानगीच्या आणि अपिलाच्या टप्प्यावर दाखवता येते. आराखडा अखेरीस निवडून आलेले सदस्य मंजूर करतात, त्यामुळे निवेदनाची प्रत प्रभागातल्या प्रत्येक सदस्याला, पक्ष न पाहता, पोहोचवावी.

मोठ्या नव्या वसाहतींमध्ये शाळेची जागा घरांच्या टप्प्यांना जोडता येते. डब्लिनच्या पश्चिमेला ॲडम्सटाउनची योजना २००३ साली मंजूर झाली, तेव्हा अमुक संख्येने घरे बांधून झाली की शाळा, रेल्वे स्थानक आणि इतर सोयी आल्याच पाहिजेत, अशी बंधने तिच्यात घातली होती. बिल्डर पुढची घरे बांधू शकत नाही म्हटल्यावर शाळेच्या जागेचा प्रश्न त्याचाही प्रश्न होतो. आपल्या परिसरात अशी मोठी योजना येत असेल, तर टप्प्यांचे हे कलम मसुद्यात आहे की नाही, ते आधी वाचावे.

जागांची यादी कशी करावी

आरक्षणाची वाट पाहत असतानाच संभाव्य जागांची यादी तयार ठेवावी. जागा दिसायला लागतात त्या ठरावीक ठिकाणी: धर्मसंघांच्या मालकीची मठ आणि जुन्या शाळांभोवतीची जमीन, पटसंख्या घटल्याने बंद पडलेल्या किंवा विलीन झालेल्या शाळांच्या इमारती, स्थानिक प्राधिकरणाची पडून असलेली जमीन, आरोग्य खात्याची वापरात नसलेली आवारे, आणि कडेची शेते. सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर आता घरबांधणीचा पहिला डोळा असतो, हे गृहीत धरूनच तिच्यामागे लागावे. शिवाय प्राधिकरणाने आपली जमीन दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर २००१ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १८३ नुसार ते प्रकरण निवडून आलेल्या सदस्यांपुढे जाते. म्हणजे अधिकारी अनुकूल असूनही सभागृहात ठराव अडकू शकतो.

धर्मसंघांशी बोलताना घाई करू नये. त्यांचे निर्णय बहुधा स्थानिक मठात होत नाहीत, त्या धर्मादाय संस्था असल्याने विश्वस्तांवर कायद्याची बंधने असतात, आणि जमीन कमी भावात देण्याची इच्छा असली तरी त्यांना कारणे नोंदवावी लागतात. पहिली भेट समितीने घेतली तर हरकत नाही, पण जमीन उपलब्ध होऊ शकते एवढे कळल्यावर ती माहिती पेट्रनमार्फत लेखी विभागाकडे द्यावी आणि बाजूला व्हावे.

यादीतल्या एखाद्या जागेची बातमी वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमांवर जाऊ देऊ नये. विभाग वाटाघाटी चालू असताना जागेचे नाव जाहीर करत नाही, याचा पालकांना राग येतो. परंतु नाव फुटले की भाव चढतो आणि शेजाऱ्यांचा विरोध वेळेआधीच संघटित होतो, हेही तितकेच खरे आहे.

जागेची पारख

विभागाने जागांच्या योग्यतेबाबत तांत्रिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या आहेत. प्राथमिक शाळांसाठी क्रमांक ०२५ आणि माध्यमिकसाठी क्रमांक ०२७. किती वर्गांच्या शाळेला किती जमीन लागते, ते त्यांतल्या निकषांवरून काढता येते. समितीने आपल्या यादीतली प्रत्येक जागा याच निकषांवर तपासून पाहावी, म्हणजे विभागाकडे जाणारी सूचना त्यांच्याच भाषेत जाते.

पूर हा पहिला निकष धरावा, कारण त्यावर जागा सरळ बाद होते. २००९ च्या पूरधोका मार्गदर्शक तत्त्वांनुसार शाळा ‘अतिसंवेदनशील’ बांधकामांत मोडते. नदीच्या पुराची वार्षिक शक्यता १ टक्क्याहून किंवा समुद्राच्या पुराची ०.५ टक्क्याहून जास्त असलेला भाग ‘अ’ विभागात येतो, ०.१ टक्क्यापर्यंतचा ‘ब’ मध्ये. या दोन्हींत शाळा बांधायची तर कठोर समर्थन-कसोटीला उतरावे लागते, म्हणजे तिथेच का बांधायचे हे सिद्ध करावे लागते. सरकारी पूरनकाशे ऑनलाइन मोफत पाहता येतात आणि दहा मिनिटांत निम्मी यादी गाळून देतात. त्यानंतर पुरातत्त्वीय नोंदी पाहाव्यात. जुन्या वसाहतींच्या गोल बांधांचे अवशेष आयर्लंडच्या शेतांत जागोजागी आहेत, आणि नोंद असलेले स्मारक जमिनीखाली असेल तर उत्खननाचा खर्च आणि विलंब दोन्ही येतात. मध्य आयर्लंडमधली पीटची भुसभुशीत जमीन, पश्चिमेकडची चुनखडकातली पोकळ भूमी, तीव्र उतार, डोक्यावरून जाणाऱ्या वीजवाहिन्या, विमानतळाचे ध्वनिक्षेत्र, या गोष्टी एका फेरीत लक्षात येतात. जॅपनीज नॉटवीड नावाची आक्रमक वनस्पती मात्र अनुभवी डोळ्यालाच हिवाळ्यात ओळखू येते. तिचा बंदोबस्त करायला काही वर्षे लागू शकतात, म्हणून एक फेरी उन्हाळ्यात नक्की करावी. पाणी आणि सांडपाण्याच्या जोडणीची क्षमता आहे का, याची चौकशी ‘इश्का एरन’ या राष्ट्रीय जलसंस्थेकडे संबंधित पक्षाने करायची असते.

आता गेलस्कोलपुरते दोन निकष, जे मार्गदर्शिकेत ठळकपणे येत नाहीत. मुले दूरवरून येणार असल्याने पायी येणाऱ्यांचे प्रमाण कमी राहते आणि सकाळी मोटारींची रांग लांबते. पुढे परवानगीच्या वेळी विरोधाचा पहिला मुद्दा हाच असतो. म्हणून बसमार्ग किंवा रेल्वे स्थानकाजवळची, दोन बाजूंनी रस्ता असलेली जागा थोडी लहान असली तरी अधिक चांगली. दुसरा निकष भाषेचा. इंग्रजी माध्यमाच्या शाळेसोबत एकाच आवारात जागा देऊ केली जाते, तेव्हा जमिनीचा प्रश्न सुटतो. परंतु मधल्या सुट्टीत मैदान एकच असेल तर खेळाची भाषा इंग्रजी होते, आणि दिवसभर एकाच भाषेत वावरून ती शिकण्याच्या पद्धतीचा अर्धा दिवस तिथेच गळून जातो. असा प्रस्ताव नाकारण्याची गरज नाही. स्वतंत्र प्रवेशद्वार, स्वतंत्र मैदान आणि स्वतंत्र सभागृह यांची मागणी मात्र जागा ठरण्याआधी लेखी करावी. आराखडा झाल्यावर ती ऐकली जात नाही.

मालकीचे कागद

जमिनीच्या नोंदी २०२३ पासून ‘टाल्ते एरन’ या संस्थेकडे आहेत. नोंदणीकृत जमिनीचा फोलिओ म्हणजे साधारण आपला सातबारा; फरक असा की नोंदवलेल्या मालकीला इथे शासनाची हमी असते. तो थोड्या शुल्कात कोणालाही ऑनलाइन मिळतो. त्यात मालकाचे नाव, गहाण आणि इतर बोजे, आणि वहिवाटीचे नोंदवलेले हक्क दिसतात. सोबतच्या नकाशावरची चतुःसीमा मात्र सहसा अंतिम पुरावा मानली जात नाही, त्यामुळे कुंपण आणि नकाशा जुळत नसतील तर ते सुरुवातीलाच नोंदवावे. शेजाऱ्याची शेतातून जाणारी पिढीजात वाट, जमिनीखालून जाणारी गटारवाहिनी, वारसांमध्ये न झालेली वाटणी, या गोष्टी फोलिओत नसू शकतात आणि सौदा बहुधा त्यांच्यापाशीच अडतो. अंतिम शोध सॉलिसिटरच घेतो. समितीने स्थानिक जाणकारांकडून कळलेली माहिती पेट्रनमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचवावी.

मूल्यांकन, भावाची बोलणी आणि करार हे विभागाचे किंवा प्राधिकरणाचे काम आहे. मालक तयार नसेल आणि दुसरी योग्य जागा नसेल, तर स्थानिक प्राधिकरणाला सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग मोकळा आहे. तो वेळखाऊ आहे, त्याला आव्हान मिळू शकते आणि गावात कटुता राहते, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. या काळात समितीने पेट्रनकडून ठरावीक अंतराने लेखी स्थिती मागवावी. उत्तर मिळतच नसेल तर स्थानिक खासदारामार्फत संसदेत लेखी प्रश्न विचारता येतो, आणि २०१४ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्जही करता येतो; किमतीबाबतची माहिती व्यापारी गोपनीयतेच्या कारणाने नाकारली जाईल, पण प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर थांबली आहे हे बहुधा कळते.

नियोजन परवानगी

जागा खरेदी झाली म्हणजे शाळा बांधता येते असे नाही. परवानगीचा अर्ज दाखल झाल्यापासून ५ आठवड्यांच्या आत २० युरो भरून कोणीही आपले म्हणणे मांडू शकते; प्राधिकरण सामान्यतः ८ आठवड्यांत निर्णय देते किंवा अधिक माहिती मागते; निर्णयानंतर ४ आठवड्यांत अपील करता येते. अपील पूर्वी ‘अन बोर्ड प्लॅनाला’कडे जात असे, जून २०२५ पासून ते ‘अन कोमिशून प्लॅनाला’कडे जाते. विरोध करणारे ही संधी साधतातच. समर्थकही ती साधू शकतात, याचा अनेकांना विसर पडतो. समर्थनाच्या पत्रात भाषाप्रेमावर भर देऊ नये. विकास आराखड्यातली नोंद, शाळेची सिद्ध झालेली गरज, सायकल आणि बसने येण्याची तयारी, मैदान संध्याकाळी परिसराला वापरता येणे, असे नियोजनाच्या कक्षेत बसणारे मुद्दे असावेत. एकच छापील मजकूर शंभर जणांनी पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची दहा पत्रे उपयोगी पडतात. शेजाऱ्यांशी वाहतुकीबाबत अर्ज दाखल होण्यापूर्वी बोलून घ्यावे. त्यांचे आक्षेप आराखड्यात सुधारणा करून सुटणारे असतील, तर अपिलाचे महिने वाचतात.

उत्तर आयर्लंडबद्दल थोडेसे

उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश माध्यमाचा आरंभ शासनाशिवाय झाला. बेलफास्टच्या शॉज रोडवर काही आयरिशभाषक कुटुंबांनी शेजारी शेजारी घरे बांधली आणि १९७१ मध्ये स्वतःची शाळा काढली. तिला शासकीय मान्यता मिळायला १९८४ उजाडले. १९९८ च्या शिक्षण आदेशातल्या कलम ८९ ने आयरिश माध्यमाच्या शिक्षणाला प्रोत्साहन व साहाय्य देणे हे तिथल्या शिक्षण विभागाचे कर्तव्य ठरवले, आणि २०११ साली बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने कोलाश्ते फर्श्ते या शाळेच्या खटल्यात हे कर्तव्य केवळ सदिच्छा नसून त्याला व्यवहारात परिणाम आहे, असा निर्णय दिला. तो खटला विद्यार्थ्यांच्या वाहतुकीचा होता, परंतु जागा आणि इमारतीबाबतच्या पत्रव्यवहारात तिथल्या समित्यांनी त्याचा आधार अवश्य घ्यावा. प्रजासत्ताकातल्या समितीला हा निर्णय बंधनकारक म्हणून दाखवता येत नाही.

ताबा मिळेपर्यंत

करार झाल्यापासून कामगार आवारात येईपर्यंत विभागाचे टप्पे ओलांडायचे असतात: प्राथमिक रचना, मग सविस्तर रचना आणि परवानग्या, मग निविदा, आणि त्यानंतर बांधकाम. यात ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. वन्यजीव कायद्यानुसार १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात झुडपांची कुंपणे तोडण्यावर निर्बंध आहेत, आणि आयरिश शेतांना कुंपणे सगळीकडे झुडपांचीच असतात. प्रवेशमार्गासाठी ती काढायची असतील आणि फेब्रुवारी हुकला, तर सबंध उन्हाळा वाया जाण्याची शक्यता असते. मधल्या काळात आवाराची देखरेख कोण करणार, विमा कोणाचा, आणि जुन्या मालकाची गुरे किंवा चराईचा करार संपला आहे का, हे पेट्रनने विभागाकडून लेखी घ्यावे.

सध्याच्या तात्पुरत्या जागेचा भाडेकरार आणि प्रीफॅबची परवानगी यांच्या तारखा व्यवस्थापन मंडळाच्या प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर असाव्यात. नवी इमारत ‘पुढच्या सप्टेंबरात’ मिळेल या आशेवर मुदतवाढीचा अर्ज लांबवू नये. मुदत संपण्याच्या किमान वर्षभर आधी तो तयार करावा आणि नव्या जागेच्या खरेदीचे पत्र त्याला जोडावे, कारण तात्पुरती सोय खरोखरच तात्पुरती आहे हे पटवायला तेवढा एक कागद पुरेसा ठरतो.